शिट्टीवरचा सूर्यास्त

आंबागड
२४ नोव्हेंबर १९७७

सौ. चंद्रकलास,
अनेक आशीर्वाद. (तू ते घेणार असशील तर.)

तू गेल्याला आज वीस दिवस झाले. आधी मी लोकांना सांगत होतो की दिवाळीसाठी माहेरी गेली आहे. दिवाळी संपली, मग भाऊबीज आहे म्हणून सांगितलं. भाऊबीज होऊनही अकरा दिवस झाले. काल शेजारच्या शकुनबाईनं कुंपणावरूनच विचारलं, "सर, वरठीची भाऊबीज एवढी मोठी राहते का जी?" मी म्हटलं, मामाजींचा गुडघा दुखून राहिला, म्हणून थांबली. तेव्हा तुझ्या बाबांना सांग की आंबागडात त्यांचा गुडघा दुखतो आहे. कोणी विचारलंच तर त्यांनी सांभाळून घ्यावं.

मी ठीक आहे. भात करता येतो. वरणही करता येतं. फक्त दोन्ही एका दिवशी होत नाही.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. भंडाऱ्याहून हुकूम आला आहे. सात जानेवारी, शनिवार, सकाळी अकरा वाजता जिल्ह्यातल्या चाळीस चित्रकला शिक्षकांपुढे मी नमुना पाठ द्यायचा आहे. विषय : तेलखडूने रंगीत सूर्यास्ताचे निसर्गचित्र. खाली निरीक्षकसाहेबांची सही आणि "श्री. हटवार यांची पद्धत सर्वांनी पाहण्यासारखी आहे" असा शेरा.

पद्धत तुला माहीत आहेच, पण पुन्हा लिहितो. मी शारीरिक शिक्षक. जूनमध्ये चित्रकलेच्या सरांची बदली झाली आणि मुख्याध्यापक भैय्याजी कापगते सरांनी त्यांचा तास मला दिला, कारण मैदानात चिखल होता आणि मी रिकामा दिसत होतो. मग सकाळी चुलीपुढे बसून तू जे मला शिकवायचीस ते मी दुपारी आठवीला शिकवायचो. पहिल्या शिट्टीला पिवळा उचल, दुसऱ्या शिट्टीला घास, तिसऱ्या शिट्टीला खाली ठेव. बेचाळीस हात एकदम. तू चित्रकलेच्या इंटरमिजिएटची परीक्षा पास आहेस आणि रंगांची सगळी माहिती तुझी, हे मी मान्य करतो. पण शिट्टीची कल्पना माझी होती.

आता आपल्यात झालेल्या गैरसमजाबद्दल. तपासणीच्या दिवशी ऑफिसात लावलेलं तुझं सूर्यास्ताचं चित्र बघून साहेबांनी काय विचारलं आणि मी काय बोललो, हे तुला शकुनबाईनं सांगितलं. तिला सुखराम शिपायानं सांगितलं, आणि तो दाराबाहेर स्टुलावर होता. दाराबाहेर नीट ऐकू येत नाही. साहेबांना ते चित्र माझं वाटलं, एवढंच. मोठा माणूस बोलत असताना त्याला मध्येच तोडणं बरं दिसत नाही.

तर, नारंगीनंतर लाल की गुलाबी? उलट टपाली कळव. कोरं अंतर्देशीय वेगळं पाठवतो आहे.

धनीराम म. हटवार
शारीरिक शिक्षक (चित्रकला, प्रभारी)


आंबागड
४ डिसेंबर १९७७

सौ. चंद्रकलास,
आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही. कोरं अंतर्देशीय मिळालं असेल, कारण पोस्टमननं स्वतः सांगितलं की पोहोचलं. तो म्हणाला, "सर, कोरं काहून पाठवलं? लिवाचं विसरले का?"

गुरुवारी मी माझ्या मनानं पाठ घेतला. मला वाटलं, आधी काळ्यानं डोंगर आणि झाडं काढून टाकावी, म्हणजे चौकट पक्की होते. मैदान आखताना आधी चुन्याच्या रेघा मारतो तसं. मग वर पिवळा. शिट्टी मारली, बेचाळीस मुलांनी काळ्यावर पिवळा घासला. तेलखडूला काळा लागला की तो सुटत नाही हे मला माहीत नव्हतं. पिवळे सगळे काळे झाले. मग ते नारंगीला लागले, नारंगी लालला. शेवटी बेचाळीस कागदांवर एकच रंग होता, त्याला नाव नाही. मुलांचे सदरे, गाल, एकाची मान, सगळं त्याच रंगाचं. कापगते सर व्हरांड्यातून जात होते. ते खिडकीशी थांबले आणि हळूच विचारलं, "सर, कुठी आग लागली का?"

त्यात रुखमिणीची भर. तिसऱ्या बाकावर बसते, बोडीच्या पाण्याजवळच्या घरची, सावळी. फळ्यावर मी दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी आणि नारळाचं झाड असं काढलं होतं. तिनं एकच डोंगर काढला, त्यावर किल्ल्याची भिंत, सूर्य त्या भिंतीमागे अर्धा, आणि नारळाच्या जागी म्हैस. मी म्हटलं, हे चूक आहे, फळ्यावर बघ. ती उभी राहून म्हणाली, "सर, आमच्या इकडं सूर्य दोन डोंगरांच्या मधून नाई जात. किल्ल्याच्या मागून जाते. आन नारळ मी फक्त देवळात पायला, झाड नाई पायलं." मी तिला पूर्ण तास बाकावर उभं केलं. उभ्या उभ्या ती खिडकीतून किल्ल्याकडे बघत होती. तास संपल्यावर मी पण बघितलं. दोन डोंगर नाहीतच.

एक दुरुस्ती करायची आहे. मागच्या पत्रात लिहिलं की साहेबांचा गैरसमज झाला. तो आपोआप झाला नाही. त्यांनी विचारलं, "हे तुम्ही काढलं?" मी "हो" म्हणालो. एकदाच म्हणालो. दुसऱ्यांदा मान हलवली.

भात करपतो तेव्हा त्यात पाणी घालायचं की उतरवून ठेवायचं, हेही कळव.

धनीराम


आंबागड
१५ डिसेंबर १९७७

चंद्रकलास,

पाकीट मिळालं. पोस्टमननं ते माझ्या हातात दिलं तेव्हा मी मैदानात पाचवीला लेझीम शिकवत होतो. पाचवीला तसंच नाचत ठेवून मी पिंपळाखाली जाऊन ते फोडलं.

आत तुझं पत्र नव्हतं. मागच्या पत्रासोबत मी नमुन्याला म्हणून पाठवलेलं माझं चित्र होतं आणि त्यावर तुझ्या पेन्सिलीनं लिहिलेलं. आभाळात : "उजळ रंग आधी, काळा सगळ्यात शेवटी." सूर्याजवळ : "दर रंगानंतर खडूचं तोंड चिंधीनं पुसा." नदीवर : "हे काय आहे?" नारळाच्या झाडावर नुसती फुली. आणि अगदी खाली, कोपऱ्यात : "मुलीला बाकावर उभं केलं ते बरं नाही केलं."

चार वाक्यं आणि एक फुली. मी ती दोनदा वाचून सदऱ्याच्या खिशात ठेवली. पाचवीचे दोघं चक्कर येऊन बसले होते, त्यांना पाणी पाजलं.

काल मी आठवीला तलावाच्या पाळीवर नेलं. साडेचारला शाळेतून रांगेत निघालो, डावा-उजवा करत. पाळीवर सगळ्यांना पश्चिमेकडे तोंड करून बसवलं आणि सांगितलं की हात मांडीवर, खडू नाही, कागद नाही, फक्त बघायचं आणि मी विचारीन तेव्हा रंग सांगायचा. धान कापून झालेलं होतं, बांध्यांमध्ये नुसती धसकटं होती. सूर्य किल्ल्याच्या भिंतीला टेकला तशी मी शिट्टी मारली. पाण्यातली बदकं उडाली. पोरं हसली, मग पुन्हा किल्ल्याकडे बघू लागली.

मी विचारलं, वर कोणता रंग? एक म्हणाला, पिकलेल्या टेंभराचा. त्याच्या खाली? हळदीचा. डोंगराचा? कोणी म्हणालं वांग्याचा, कोणी म्हणालं, "आमच्या बुढीच्या लुगड्याचा, धुतल्यावर." पाण्याचा? पाण्याचं कोणालाच सांगता येईना. रुखमिणी म्हणाली, "सर, सांगेपर्यंत ते बदलून राहिलं." मी तिला म्हटलं, त्या दिवशी तुझं बरोबर होतं. ती लाजली. मीही थोडा लाजलो. मास्तर झाल्यापासून असं वाक्य मी पहिल्यांदा बोललो असेन.

परत येताना गावात बोभाटा झाला की हटवार सरांनी आठवीला तलावावर नेऊन काही न करता बसवून ठेवलं. दोन बाप विचारायला आले. मी म्हटलं, अभ्यास होता. एकानं विचारलं, "कायचा?" मी म्हटलं, रंगांचा. तो म्हणाला, "ते तर आमची म्हैस बी रोज पायते."

आता दुसरी दुरुस्ती. तू जाताना विचारलं होतंस की चित्रावर खाली इंग्रजीत डी. एम. हटवार कसं आलं. मी म्हणालो होतो की फ्रेमवाल्यानं टाकलं असेल. फ्रेमवाल्याला इंग्रजी येत नाही. ती सही मी केली. तपासणीच्या आदल्या दिवशी, कापगते सरांच्या पेननं. सही केल्यावर थोडं मागे सरकून बघितलं आणि मला ते चांगलं दिसलं. हे लिहायला मला चार दिवस लागले.

धनीराम


आंबागड
२९ डिसेंबर १९७७

चंद्रकलास,

तुझं काही आलं नाही. मामाजींचं पोस्टकार्ड आलं : "चंद्रकला जेवते. काळजी नसावी. माझा गुडघा उत्तम आहे. दादाजी." शेवटचं वाक्य पोस्टमननं वाचलं आणि शकुनबाईला सांगितलं. आता मी काय सांगू?

नमुना पाठाला नऊ दिवस आहेत. मी रोज सकाळी एक सूर्यास्त काढतो. आकाश आता जमतं. पिवळा, नारंगी, मग गुलाबी, बोटानं हलके घोळवून. सगळ्यात शेवटी काळ्यानं किल्ला आणि सेफ्टी पिननं खरवडून गवत. पाणी जमत नाही. तुझ्या चित्रातलं पाणी जांभळं आहे आणि तरी स्वच्छ आहे. मी गुलाबीवर निळा घासतो तर ते भांडी विसळलेल्या पाण्यासारखं होतं.

परवा मी एक युक्ती केली. उजव्या मनगटाला पट्टी बांधून शाळेत गेलो आणि कापगते सरांना सांगितलं, लेझीममध्ये लचकलं, भंडाऱ्याला दुसरं कोणी पाठवा. ते म्हणाले, "हात लचकला तर तोंडानं शिकवा. शिटी तर तोंडानंच वाजते." मी पट्टी मधल्या सुट्टीत सोडली. भात करताना अडचण होत होती.

आता जे लिहितो ते तुला माहीत नाही.

माझ्या ट्रंकेत, एनसीसीच्या गणवेशाखाली, एक लिफाफा आहे. त्यात नागपूरच्या कला शिक्षक कोर्सचा तुझा फॉर्म आहे. जून महिन्यात तू तो भरून, फोटो चिकटवून, तिकीट लावून माझ्याकडे दिला होतास की तुमसरला जाल तेव्हा पोस्टात टाका. मी टाकला नाही. तू ऑगस्टपर्यंत वाट बघत होतीस. पोस्टमन दिसला की ओट्यावर यायचीस. मग एक दिवस म्हणालीस, "माझा नंबर लागला नसन." मी म्हटलं, जागा कमी असतात.

लग्नाआधी तुझ्या घरी बघायला आलो तेव्हा मीच मामाजींसमोर म्हणालो होतो की पुढे शिकायला माझी हरकत नाही. तेव्हा खरंच नव्हती. पण फॉर्म हातात आल्यावर वाटलं, दोन वर्षं ही नागपूरला जाईल, परत येईल तेव्हा खरी चित्रकलेची बाई होईल आणि मी चिखलातला ड्रिल मास्तर. तुमसरच्या स्टँडवर पोस्टाची पेटी होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो, पान खाल्लं आणि परत आलो.

चित्रावर सही केली म्हणून तू गेलीस. हे कळल्यावर तू कुठे जाशील ते मला माहीत नाही, कारण तू आधीच माहेरी आहेस.

धनीराम


आंबागड
९ जानेवारी १९७८

चंद्रकला,

शनिवारी काय झालं ते सांगतो. तू मामाजींच्या तोंडून अर्धं ऐकलं असशीलच, आणि आतल्या खोलीतून बाकीचं.

हॉल भरला होता. चाळीस शिक्षक, त्यात दोघं तर माझ्या वडिलांच्या वयाचे. पुढे निरीक्षकसाहेब, बाजूला आमचे कापगते सर नवा कोट घालून. मी म्हटलं, सावधान. सगळे हसले, पण ताठ बसले. पहिली शिट्टी, पिवळा. दुसरी शिट्टी, घासा. एक म्हातारे सर दोन्ही हातांनी घासत होते, मी म्हटलं, डावा हात खाली. त्यांनी खाली घेतला. चिंधीनं पुसा. नारंगी. वर गुलाबी. मी फळ्यावर नारळ काढला नाही, किल्ला काढला, आणि सांगितलं की आपापल्या गावाचा काढा, माझा उतरवू नका. चाळीस कागदांवर आकाश फार चांगलं उतरलं. साहेब उठून टाळ्या वाजवू लागले. मला वाटलं, सुटलो.

मग साहेबांनी शिपायाला खूण केली आणि त्यानं जीपमधून तुझं चित्र आणलं. त्यांनी आमच्या ऑफिसातून ते मागवून घेतलं होतं. फळ्यावर टाचलेल्या माझ्या कागदाशेजारी ठेवलं. म्हणाले, "हटवार, आता मुख्य गोष्ट. हे पाणी बघा सगळ्यांनी. जांभळं आहे पण मळकं नाही. हे कसं साधलं ते करून दाखवा."

मी निळा घेतला, वर गुलाबी घासला. मळकं झालं. गुलाबी घेतला, वर निळा घासला. जास्त मळकं झालं. बोटानं पुसलं तर नालीचं पाणी झालं. कापगते सर टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावत होते. कशासाठी ते कळत नव्हतं.

मी खडू खाली ठेवला आणि म्हटलं, "साहेब, मला येत नाही. हे चित्र माझं नाही. घरच्यांनी काढलं आहे."

"घरच्या कोणी?"

"चंद्रकलानं. माझ्या बायकोनं."

"पण सही तुमची आहे."

"सही माझी आहे, साहेब. त्यात तेवढंच माझं आहे."

मागून कोणीतरी हसलं, मग सगळे हसले. ते म्हातारे सर सुद्धा. साहेब हसले नाहीत. विचारलं, "त्या कुठे आहेत?"

"वरठीला. माहेरी."

"कधीपासून?"

"तुम्ही तपासणीला येऊन गेलात, त्यानंतर पंधरा दिवसांनी, साहेब. हिशेबानं तेव्हापासूनच."

त्यांनी फ्रेम उघडवली, मला स्वतःचं पेन दिलं आणि चाळीस लोकांसमोर सही खोडायला लावली. मी म्हटलं, इथं तिचं नाव लिहू का? ते म्हणाले, "ते त्यांचं त्या लिहितील. तुम्ही नका लिहू आता काही." चित्र माझ्या हातात दिलं. "ज्यांचं त्यांना पोहोचवा."

म्हणून मी एसटीत फ्रेम मांडीवर धरून वरठीला उतरलो. मामाजींनी दार उघडलं, फ्रेम घेतली, मला ओसरीत बसवलं, चहा दिला. मी त्यांना हे सगळं सांगितलं, फॉर्मचंही. तू बाहेर आली नाहीस. आत तू तांदूळ चाळत होतीस. मी बोलायला लागलो की चाळणी थांबायची आणि मी गप्प झालो की पुन्हा सुरू व्हायची. म्हणून मी जरा जास्त वेळ बोललो. मामाजी शेवटी म्हणाले, "जावईबापू, आता बस्स करा. शेवटची गाडी जाईन." मी उठलो.

आज शाळेत खुलासा मागणारा कागद आला. कापगते सर म्हणाले, "लिवा, नजरचुकीनं सही झाली." मी म्हटलं, नजरचूक नव्हती, मी मागे सरकून बघितलं होतं. ते कपाळाला हात लावून बसले. चित्रकलेचा तास त्यांनी माझ्याकडून काढून स्वतःकडे घेतला आहे. ते मुलांकडून जिल्ह्याचे नकाशे काढून घेतात.

धनीराम


आंबागड
२० मे १९७८

चंद्रकला,

काल मी नागपूरला जाऊन आलो. सोबत यंदाचा फॉर्म आहे, दोन प्रती, एक बिघडली तर दुसरी असावी. शेवटची तारीख दहा जून. फोटो तीन लागतात. मागच्या वर्षीचा फॉर्मही पाठवतो आहे, तो तुझा आहे, त्याचं काय करायचं ते तू ठरव. फाडलास तरी चालेल, पण तिकीट काढून घे, ते कोरं आहे.

भरून झाल्यावर पोस्टात तूच टाक. माझ्याकडे देऊ नकोस. मामाजींकडेही नको. स्वतः पेटीत टाक आणि आत पडल्याचा आवाज ऐक.

धनीराम


आंबागड
१६ जुलै १९७८

चंद्रकला,

हे नागपूरच्या पत्त्यावर पहिलं पत्र. मावशींच्या घरी जागा पुरते का? कॉलेज किती लांब?

वरठीच्या स्टेशनवर मी येणार हे मी कळवलं नव्हतं, कारण तू येऊ नका म्हणाली असतीस. तू मला बघितलंस आणि मामाजींकडे बघितलंस. मामाजी गाडीच्या वेळापत्रकाकडे बघू लागले. मी आंब्याच्या लोणच्याचा डबा पुढे केला. ते लोणचं मीच घातलं आहे, शकुनबाईनं फक्त मीठ सांगितलं. पूर्ण वेळात तू एकच बोललीस, "डबा कोणाच्या हाती परत पाठवू?" मी म्हटलं, राहू दे. गाडी सुटल्यावर मला वाटलं, परत पाठवायचा म्हणाली म्हणजे अगदीच फेकणार नाही.

गावात चर्चा आहे. काल पारावर एकानं विचारलं, "सर, बायको शिकाले गेली आन तुमी चूल फुकून राहिले, खरं हाय का?" मी म्हटलं, खरं आहे. तो पुढे काही बोलायला तयार होऊन आला होता. थोडा वेळ बसला आणि तंबाखू मागून निघून गेला.

कापगते सर नकाशांना कंटाळले. चित्रकलेचा तास पुन्हा मला दिला आहे, पण सही करायची नाही या अटीवर. रुखमिणी नववीत गेली, ती एलिमेंटरी परीक्षेला बसते म्हणते. तिनं काढलेलं पाणी पाठवतो आहे. तिचं आणि माझं एकाच जागी अडलं आहे. तिच्यासाठी तरी लिही.

धनीराम


आंबागड
११ फेब्रुवारी १९७९

प्रिय चंद्रकला,

तुझी दोन्ही पत्रं रुखमिणीला वाचून दाखवली. "पाण्याच्या जागी आधी पांढरा जोरात घासायचा, कागद पूर्ण बुजवायचा, मग त्यावर गुलाबी आणि निळा आडव्या रेघांनी, घासायचा नाही, नुसता ठेवायचा." एवढंच होतं तर. तिला पहिल्या फटक्यात जमलं. मला सातव्या. एलिमेंटरीत तिला ए श्रेणी आली. भंडाऱ्याच्या केंद्रावर स्मरणचित्राचा विषय बाजार होता. तिनं बाजार काढला आणि मागे किल्ल्याआड सूर्य. आपल्या शाळेतून बसलेल्या बाकी अकरा जणांनीही चित्रात सूर्य काढला. एकानं तर दवाखान्याच्या आत काढला, त्यानं विषय नीट वाचला नव्हता. सगळे पास आहेत.

बाप सत्कार करायला आला, तोच, म्हशीवाला. तो रुखमिणीचा बाप आहे हे मला तेव्हा कळलं. म्हणाला, "सर, चित्रात आमची म्हैस काहून नाई घेतली?" मी म्हटलं, बाजारात होती का? म्हणाला, "इकाले नेली असती तर असती."

दिवाळीत तू आंबागडला चार दिवस आलीस. त्याबद्दल मी काही लिहीत नाही, नीट लिहिता येणार नाही. एवढंच की तू केलेलं वरण संपल्यावर मी भांडं दोन दिवस घासलं नाही.

धनीराम


आंबागड
२२ जून १९८०

प्रिय चंद्रकला,

भंडाऱ्याच्या मुलींच्या शाळेतला तुझा नेमणुकीचा हुकूम मी कापगते सरांना दाखवला. ते म्हणाले, आंबागडची जागा पण रिकामी आहे, बाईंना इकडेच बोलावून घ्या, मी शब्द टाकतो. मी म्हटलं, तिला विचारतो. तुला विचारलं. तुझं उत्तर एका ओळीचं आलं : "मला भंडारा पाहिजे." मी ते कापगते सरांना तसंच वाचून दाखवलं.

मग मी माझ्या बदलीचा अर्ज केला. त्यात एक रकाना असतो, बदलीचे कारण. मी लिहिलं : पत्नीची नोकरी भंडारा येथे असल्याने. आठ दिवसांनी अर्ज परत आला. कोणा कारकुनानं लाल शाईनं "पत्नीची" मधलं दुसरं अक्षर खोडून त्याचं "पतीची" केलं होतं आणि समासात लिहिलं होतं : लेखनदोष दुरुस्त करून फेर सादर करावा. मी स्वतःच पती, मग मी माझ्याच नोकरीसाठी बदली मागतो असा त्याचा अर्थ होत होता. मी नवा अर्ज लिहिला, पुन्हा तेच. तोही परत आला : "सदर कारणास पूर्वोदाहरण नाही. आई-वडिलांचे आजारपण असल्यास तसे नमूद करावे."

कापगते सर म्हणाले, "सर, आजारपण लिवा. मामाजींचा गुडघा लिवा. काम होऊन जाईन."

मी म्हटलं, गुडघा उत्तम आहे, त्यांनी स्वतः कळवलं आहे.

तिसऱ्यांदा मी अर्ज टपालानं न पाठवता हातानं घेऊन गेलो. कारकून तरुण होता, वाईट नव्हता. म्हणाला, "अहो हटवार, असं कोणी लिहीत नाही. नवऱ्यामागे बायकोची बदली होते. फाइलवर कायमचं राहील, पुढे कोणी वाचलं तर?"

मी म्हटलं, "राहू द्या. वाचायलाच लिहिलंय."

त्यानं माझ्याकडे बघितलं, अर्जाकडे बघितलं आणि शिक्का मारला.

मी एक तारखेला हजर होतो आहे, मुलांच्या शाळेत, शारीरिक शिक्षक. पहाटेच्या एसटीनं निघतो, अकरापर्यंत पोहोचेन. तुझी शाळा पाचला सुटते असं तू लिहिलंस. मी फाटकाच्या बाहेर थांबीन. कोणी विचारलं कोणाचे, तर सांगीन, चित्रकलेच्या बाईंचा.

तुझा
धनीराम